बहिष्कार घातलेल्या देशातली मावशी

आमच्या गावानं एका मोठ्या देशाशी संबंध तोडले त्याला आता बराच काळ झाला. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. ते तोंडातूनही काढू नये असं ग्रामसभेत ठरलं आहे, आणि मी ठरलेलं पाळणारा माणूस आहे. शिवाय मी सासुरवाडीत राहतो.

हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नोकरीभर मी वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहिलो आणि ड्रॉइंग ऑफिसात टेबलावर वाकून यंत्रांची ड्रॉइंगं काढली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा सासऱ्यांनी लेकीच्या नावावर ठेवलेल्या जमिनीच्या तुकड्यावर आम्ही घर बांधलं. गाव निमगाव केतकीपासून जवळच आहे. तेव्हापासून मी सगळ्या गावाचा दाजी. शेजारी दाजी म्हणतो, किराणावाला दाजी म्हणतो, माझ्याहून वयानं मोठी माणसंही दाजी म्हणतात. दाजी म्हणजे ज्याला खुर्ची सगळ्यांच्या आधी मिळते आणि बोलायची वेळ सगळ्यांच्या शेवटी येते. अशा माणसाला स्वतःचं परराष्ट्र धोरण परवडत नाही.

मला दोन मेव्हणे आहेत, दोघंही बायकोपेक्षा लहान. एक थोरला, एक धाकटा. दोघांची घरं समोरासमोर, मधे रस्ता. दूध संस्थेच्या चेअरमनपदावरून दोघांचं वाजलं ते वाजलंच. तेव्हापासून बोलणं बंद, आणि गावात पॅनेल दोन. थोरल्याचं एक आणि धाकट्याचं एक. भाऊबीजेला थोरला सकाळी येतो आणि धाकटा दुपार कलल्यावर येतो, म्हणजे उंबऱ्यात गाठ पडायला नको. बायको दोन वेळा आंघोळीचं पाणी तापवावं तशी दोन वेळा ओवाळणीचं ताट करते. पहिलं ताट झालं की वाती काढून टाकते आणि दुपारी नव्या वळते. 

त्या देशाचं प्रकरण टीव्हीवरून आलं. तिथं निवडणूक होती. तिथल्या एका पुढाऱ्यानं भर सभेत सांगितलं, की बाहेरचे लोक येऊन तुमची कामं खातात, मला निवडा, मी त्यांना घालवतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याला निवडलं. मग त्यानं आपल्या मालावर कर वाढवला आणि वर आपली चेष्टाही केली. आमच्या भागातून त्या देशात नेमका काय माल जातो, याची मी सहज चौकशी केली. थोडी डाळिंबं जातात, असं कुणीतरी म्हणालं. ती तिथंच जातात की दुसरीकडं, हे त्यालाही माहीत नव्हतं. पण राग खरा होता. ग्रामपंचायतीची निवडणूकही जवळ आली होती.

त्या पुढाऱ्याचा पहिला पुतळा थोरल्यानं जाळला. आत उसाचं पाचट भरलं होतं आणि अंगात माझा कोट होता. मी निरोप समारंभात घातलेला. मला तो चौकात ओळखू आला. घरी येऊन विचारलं, तर बायको म्हणाली, "न्हायतर तुमी कुठं घालणार हुता?" तिचा मुद्दा बरोबर होता.

मग धाकट्यानं पुतळा केला. तो थोरल्याच्या पुतळ्यापेक्षा उंच असणं भाग होतं, म्हणून तो ट्रॉलीत उभा करून आणला. त्यावर थोरल्यानं त्या देशाच्या थंड पेयांवर बंदी जाहीर केली. किराणावाल्यानं विचारलं, फ्रीजमधल्या मालाचं काय करू? बंदी लागू व्हायच्या आत तो संपवावा असं ठरलं, आणि त्या दुपारी दोन्ही पॅनेलच्या पोरांनी निषेध म्हणून फ्रीज रिकामा केला. इतकी थंड पेयं आमच्या गावानं एका दिवसात त्याआधी कधी प्यायली नव्हती. मग धाकट्याच्या माणसांनी एक गोष्ट उकरून काढली. थोरल्याचा ट्रॅक्टर त्याच देशातल्या कंपनीचा. थोरल्यानं दुसऱ्याच दिवशी बॉनेटवरच्या नावावर ऑइलपेंट मारून घेतला आणि वर 'शेतकरी राजा' असं लिहिलं. ट्रॅक्टर बनतो आपल्याच पुणे जिल्ह्यात, असं ड्रायव्हर सांगत होता. त्याला गप्प बसवण्यात आलं.

शेवटी ग्रामसभा झाली. ठराव असा होता, की गावाचे त्या देशाशी असलेले सर्व संबंध तोडण्यात येत आहेत. तो मांडला थोरल्यानं. धाकट्यानं विरोध करायचा म्हणून 'तात्काळ' हा शब्द घालायला लावला. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. ग्रामसेवक नवीन होता. त्यानं लिहिता लिहिता मान वर करून विचारलं, "संबंध कोणकोणते आहेत?"

कुणालाच सांगता येईना. मग मागून एकजण म्हणाला, "दाजींची पोरगी तितं हाय की."

सगळी सभा माझ्याकडं वळून बघायला लागली. मी माझा वर केलेला हात खाली घेतला.

"भाची आपली हाय," थोरला म्हणाला. "ती तितं ऱ्हाती, पर आपलीच म्हणून ऱ्हाती."

"आपलीच हाय," पलीकडच्या कोपऱ्यातून धाकटा म्हणाला. त्या सभेत दोघांचं एकमत झालं ते तेवढंच, आणि तेही एकमेकांकडं न बघता.

मुलगी तिकडं शिकायला गेली होती, मग नोकरीला लागली. एका म्हाताऱ्या बाईच्या घरात माडीवरची खोली भाड्यानं घेऊन राहायची. पहिल्याच हिवाळ्यात मुलगी आजारी पडली. ताप उतरेना. बाहेर बर्फ आणि आम्ही इकडं. आम्ही म्हणजे काय, फोन हातात धरून बसलेले दोन जण. त्या बाईनं तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, परत आणलं, आपल्या खोलीत झोपवलं आणि कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसली. अधूनमधून ती आम्हाला व्हिडिओवर थर्मामीटर दाखवायची. माझी बायको मराठीत सांगायची, "मिठाच्या पाण्याची घडी ठेवा," आणि बाई तिच्या भाषेत काहीतरी म्हणायची. पण ताप उतरत गेला तसतसं दोघींना एकमेकींचं बोलणं जास्त समजायला लागलं. बरी झाल्यावर मुलगी तिला मावशी म्हणू लागली. मावशी म्हणजे कोण, तेही तिला समजावून सांगितलं.

या मावशीच्या फ्रीजवर त्याच पुढाऱ्याचा फोटो चिकटवलेला होता. तिनं त्यालाच मत दिलं होतं. औषधं महाग झाली होती आणि तो तिच्यासारखं बोलायचा, एवढीच तिची कारणं. तिचा सख्खा भाऊ दोन गल्ल्या पलीकडं राहायचा, त्यानं विरुद्ध मत दिलं होतं. त्यावरून तो तिच्याशी बोलत नव्हता. मुलीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा बायकोनं एवढंच विचारलं, "तितं बी पॅनेल हाय व्हय?"

पुढं त्या पुढाऱ्यानं सभेत सांगितलं होतं तसं केलं. मुलीचा तिथं राहायचा परवाना वाढवून मिळाला नाही, तिला परत यावं लागलं. विमानतळावर सोडायला मावशीच आली होती. ती रडत होती आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "तो तुझ्यासारख्यांबद्दल बोलत नव्हता गं."

मुलगी आली, बारामतीच्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे. लग्नाबाबत मुलीनं कसलाही हट्ट केला नाही. दागिने, हॉल, जेवण, सगळं तुम्ही ठरवा म्हणाली. एकच गोष्ट मागितली. मावशी लग्नाला येणार आणि घरच्या माणसासारखी स्टेजवर तिच्याजवळ उभी राहणार. मावशीनं तिकीट काढलंही होतं. ती जन्मात पहिल्यांदा आपल्या देशाबाहेर पडणार होती, आणि पडून कुठं येणार होती, तर तिच्या देशाशी संबंध तोडलेल्या गावात.

हे कळलं त्याच संध्याकाळी थोरला आला. चहा प्याला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "दाजी, आमचा विरोध म्हातारीला न्हाय. देशाला हाय. पर स्टेजवर फोटू निघंल."

"फोटोत देश दिसतो का?" मी विचारलं.

"तिचं त्वांडच देशासारखं हाय," तो म्हणाला. "ती स्टेजवर आसंल तर मी न्हाय. समोरचा त्यो फोटू गावभर फिरवंल."

समोरचा म्हणजे त्याचा भाऊ. दुसऱ्या दिवशी समोरचाही आला आणि त्यानं शब्दाला शब्द तेच सांगितलं, फक्त त्याच्या तोंडी 'समोरचा' म्हणजे थोरला होता.

आमच्याकडं मंगलाष्टकं म्हणताना नवरीच्या मागं मामा उभा असावा लागतो. मामाच तिला आणतो. दोन मामा असून मागची जागा रिकामी दिसली असती, तर सगळ्या मांडवानं आधी तिकडं बघितलं असतं आणि मग माझ्या बायकोकडं. ते मला बघवलं नसतं. मुलीला तर दोन्ही हवं होतं, मामाही आणि मावशीही, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

मी माझ्या परीनं तोडगा काढला. मावशीला मोठ्या कूलरजवळच्या खुर्चीत बसवावं, घरच्या माणसांच्या रांगेत, पण दुसऱ्या. तिला उकाडाही होणार नाही आणि ती फोटोतही येणार नाही. मी स्टेजचं, खुर्च्यांचं, कूलरचं एक ड्रॉइंगही काढलं. मुलीनं ते बघितलं. "बाबा, तिनं मला कूलरजवळ बसवलं नव्हतं," ती म्हणाली आणि उठून गेली. माझ्याकडची बोलणी तिथंच संपली.

मग बायको उठली. तिनं पदर खोचला आणि आधी थोरल्याकडं गेली. मी मागोमाग गेलो, दाराशी उभा राहिलो.

"पोरगी तिला काय म्हन्ती?" बायकोनं विचारलं.

"मावशी."

"पोरीची मावशी म्हंजी माझी कोण?"

थोरल्यानं टोपी काढून हातात घेतली.

"बहीण. आन माझी बहीण म्हंजी तुझी कोण?"

"अक्का, आसं धरत गेलं तर..."

"आसंच धरायचं आस्तंय. तुज्या भाचीला ताप आलता तवा तुजा ठराव कुठं हुता? त्यानं घड्या ठेवल्या का?" ती जायला वळली आणि जाता जाता म्हणाली, "धाकट्यानं तिच्यासाठी साडी घितली म्हणं. मांडवात देणार हाय. भावाचा आहेर म्हणून."

हे खरं नव्हतं. मग ती रस्ता ओलांडून धाकट्याकडं गेली आणि थोरल्यानं साडी घेतल्याचं सांगितलं. तेही खरं नव्हतं. मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. दुसऱ्या दिवशी दोघंही वेगवेगळ्या गाड्यांनी बारामतीला गेले आणि एकाच कापड दुकानात शिरले. दुकानदारानं मागून आलेल्या धाकट्याला थोरल्यानं कोणती घेतली ते प्रामाणिकपणे सांगितलं. त्यामुळं धाकट्याची साडी जास्त भारी आली.

लग्नाच्या दिवशी मावशी आली. बायकोनं तिला साडी नेसवली होती. खाली पायात पांढरे बूट होते, ते काढायला ती तयार नव्हती, आणि बायकोनंही आग्रह केला नाही. निवेदकानं पाहुण्यांची नावं घेतली, फेटे बांधले, शाली झाल्या. मग माइक थोरल्याच्या हातात गेला. आमच्याकडं लग्नात पुढाऱ्याच्या हातात माइक गेला की मुहूर्तानं थांबायचं असतं.

"बंधू आन भगिनींनो," तो म्हणाला, "ज्या देशानं आपल्याला हिणवलं, त्या देशाची बाई आज आपल्या मांडवात आपल्या साडीसाठी हुबी हाय! गावानं ठराव क्येला, त्येचं हे फळ हाय. त्यो देश झुकला!"

टाळ्या पडल्या, शिट्ट्याही वाजल्या. त्यानं साडी मावशीच्या हातात दिली. तिनं हात जोडले.

धाकट्यानं माइक घेतला. "झुकला न्हाय," तो म्हणाला, "लोटांगण घातलं!" आणि त्यानं जास्त भारी साडी दिली. टाळ्या आणखी जोरात पडल्या.

मावशी हसत होती. ते भाषण आपल्या कौतुकाचं आहे, असंच तिला वाटत होतं. मला लाज वाटली. या बाईनं माझ्या पोरीला उशाशी बसून जगवलं होतं, आणि आम्ही तिला पुतळ्यासारखं ट्रॉलीत उभं केलं होतं. तरीही मी काही बोललो नाही. मी दाजी होतो आणि तो मांडव माझ्याच मुलीच्या लग्नाचा होता.

मावशीनं वाकून खुर्चीत बसलेल्या मुलीला विचारलं, काय म्हणाले ते? मी शेजारीच होतो. मुंडावळ्या सावरत मुलीनं एक क्षण दोन्ही मामांकडं बघितलं. मग तिला इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणाले, तुम्ही आमची बहीण आहात. आमच्यात बहिणीला भाऊ लग्नात साडी देतात."

मावशीचं हसू गेलं. ती सगळ्यांदेखत रडायला लागली. तिनं साड्या मुलीच्या मांडीवर ठेवल्या, एका हातानं थोरल्याचा हात धरला आणि दुसऱ्यानं धाकट्याचा. दोघांना काय करावं कळेना. भर मांडवात बाईचा हात झटकता येत नाही. मुहूर्त टळत चालला होता, भटजींनी अंतरपाट धरायला लावला आणि मंगलाष्टकं सुरू झाली. नवरीच्या मागं डावीकडं थोरला, उजवीकडं धाकटा आणि मधे मावशी, असा तो फोटो आहे. तो कुणी गावभर फिरवला नाही, कारण त्यात दोघंही होते.

दोन दिवसांनी थोरला माझ्याकडं आला. इकडंतिकडंचं बोलून झाल्यावर म्हणाला, "दाजी, म्हातारी का रडली? मी काय वंगाळ बोललो व्हय? तिला तर कळत बी न्हवतं."

मी त्याला मुलीनं काय सांगितलं ते सांगितलं.

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "आन तेवढ्यावर रडली?"

"तिचा सख्खा भाऊ तिच्याशी बोलत नाही," मी म्हणालो. "मतावरून."

"मतावरनं?" तो खरोखर चिडला. "येवढ्यावरनं सख्ख्या बहिणीशी बोलत न्हाय? कसली मानसं म्हणायची ही!" आणि मग त्याची नजर रस्त्यापलीकडं गेली. धाकटा दारात गाडी धूत होता. थोरल्यानं बघितलं, टोपी नीट केली आणि निघून गेला.

मावशी तिच्या देशात परत गेली. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली, ठराव अजून तसाच आहे. त्या देशाचा पुढारी टीव्हीवर तसाच बोलतो आणि आमच्या चौकात त्याला तशाच शिव्या पडतात. तिच्या फ्रीजवरचा फोटो तसाच आहे आणि तिचा भाऊ अजून बोलत नाही.

दिवाळीत मुलगी पहिल्या सणाला आली होती. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मावशीचा फोन आला. आपल्याला भावांना ओवाळायचं आहे, असं ती म्हणाली, मुलीनं तिला सगळं शिकवलं होतं. पण तिकडं सकाळ म्हणजे इकडं संध्याकाळ. तिला जमण्यासारखी एकच वेळ होती. मुलीनं दोन्ही मामांना फोन करून ती वेळ सांगितली, आणि दोघांनाही ती एकच आहे हे सांगितलं नाही. आईच्या वळणावर गेली आहे.

दोघं उंबऱ्यातच भेटले. परत फिरायचं तर फोन लागलेला होता आणि त्यात मावशी दिसत होती. त्या दोन साड्यांपैकी एक तिनं कशीतरी गुंडाळली होती, हातात बशीत मेणबत्ती. दोघं आत आले आणि सोफ्याच्या दोन टोकांना बसले. बायको आतून आली. तिच्या हातात एकच ताट होतं. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मुलीनं फोन समोर धरला. "मामा, तुम्ही दोघं यात बसत नाही," ती म्हणाली. "जवळ सरका ना."

कुणी हललं नाही. तिकडं मेणबत्ती वितळत होती.

"सरक की जरा," थोरला धाकट्याला म्हणाला.

धाकटा सरकला. बायको ताट घेऊन तशीच उभी राहिली, आणि निरांजनाच्या उजेडात तिच्या गालावरून पाणी ओघळताना मला दिसलं. तिकडून मावशीलाही दिसलं असावं. काही बिनसलं की काय, असं वाटून तिनं घाबरून विचारलं, तो काय म्हणाला?

या वेळी मुलीनं तो जे म्हणाला तेच तिला सांगितलं.